आईच्या नावानं कॅन्सर-सेवेचा पुरस्कार आणि स्मृतिव्याख्यान सुरू करायचंय? मग हे आधी वाचा

दिवाळी संपली की मला दरवर्षी असे दोन-तीन फोन येतात. "ताई, आई कॅन्सरने गेली. तिच्या नावानं काहीतरी करावं असं आम्हा भावंडांच्या मनात आहे. एखादा पुरस्कार ठेवू या का? जोडीला एखादं व्याख्यान?" मी विचारते, "पुरस्कार कोणाला द्यायचा?" पलीकडून उत्तर येतं, "कॅन्सरच्या क्षेत्रात उल्लेखनीय कार्य करणाऱ्याला." मी तिथेच थांबवते. या वाक्यात कोणीही बसतं, आणि म्हणून काहीच ठरत नाही.

जिल्ह्याच्या गावातल्या एका छोट्या न्यासाच्या पुरस्कार समितीवर मी बारा वर्षं आहे. चुका भरपूर केल्या, काही तर छापील मानपत्रासकट केल्या. पुढचं सगळं त्यातून आलेलं आहे.

आधी ठरवा, नेमकं कुठलं काम

कॅन्सरचं काम म्हटलं की डोळ्यांसमोर डॉक्टर येतात. त्यांचा मान आहेच, आणि तो करायला मोठ्या जागाही आहेत. १९८३ साली अस्थिमज्जा रोपण यशस्वी करून दाखवणाऱ्या डॉ. सुरेश अडवाणींना २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालं. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळालं. तुमच्या पंधरा हजार रुपयांनी अशा माणसांच्या पदरात काही पडत नाही. पडतं ते तुमच्याच पदरात: त्यांच्यासोबतचा फोटो.

आता दुसरी बाजू पाहा. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी केली. सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे आपलं व्हिनेगर, लावून बघण्याची साधी पद्धत. तपासणाऱ्या कोण, तर दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. दीड लाखाच्या आसपास महिला या अभ्यासात होत्या आणि तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. २०१३ साली डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी हे निष्कर्ष अमेरिकेत कॅन्सरतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत मांडले. बार्शी आणि धाराशिवकडचीही हीच कथा. तिथे १९९९ पासून गावांचे ५२ गट करून १,३१,७४६ महिलांवर अभ्यास झाला. ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची चाचणी मिळाली, त्यातले मृत्यू जवळपास निम्मे झाले. या विषाणूचा आणि कॅन्सरचा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं, आणि हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. उन्हातान्हात दारोदार जाऊन "चला हो ताई, पाच मिनिटांचं काम आहे" म्हणणाऱ्या बायांची नावं मात्र कुठल्याही पदकावर नाहीत.

छोट्या पुरस्काराने भरून काढायची जागा हीच. केमोची सलाइन लावणारी परिचारिका, महात्मा फुले योजनेचे कागद घेऊन रुग्णाच्या नातेवाइकांबरोबर खिडक्या पालथ्या घालणारा समाजसेवा अधीक्षक, काचपट्टीवरच्या पेशी तपासणारी तंत्रज्ञ, कॅन्सर नोंदणीसाठी गावोगाव फिरणारा कर्मचारी, स्वरयंत्र काढल्यानंतर स्वतः बोलायला शिकून इतरांना शिकवणारा जुना रुग्ण. यातलं एक निवडा. एकच. मग नियमाचं वाक्य असं लिहिता येतं: "सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांत किमान पाच वर्षं कॅन्सर रुग्णांच्या घरी जाऊन वेदनाशमनाची सेवा देणारी परिचारिका किंवा कार्यकर्ता." हे वाचून अर्ज कोणी करायचा हे कळतं. कोणी नाही करायचा हेही कळतं, आणि समितीची अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

नाव देताना

स्मृतिव्याख्यानाच्या नावामागे माणूस दिसला पाहिजे. अमेरिकेतल्या क्लिनिकल ऑन्कोलॉजी सोसायटीचा डेव्हिड कार्नोफ्स्की स्मृती पुरस्कार १९७० पासून दिला जातो आणि मानकऱ्याला परिषदेत व्याख्यान द्यावं लागतं. हे कार्नोफ्स्की कोण? रुग्ण किती हिंडू-फिरू शकतो, स्वतःचं स्वतः किती करू शकतो, हे १०० ते ० अशा आकड्यांत मांडणारी मोजपट्टी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर तयार केली. ती आजही केसपेपरवर लिहिली जाते. गाठ किती मिलिमीटरने आटली याच्याइतकंच माणूस उठून अंघोळीला जाऊ शकतो का याला महत्त्व आहे, हे त्या नावातच येतं.

परळला टाटा रुग्णालयाच्या पत्त्यात डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्ग लिहितात. गोव्याच्या मातीतले हे शल्यचिकित्सक. वांद्र्याला बाहेरगावच्या रुग्णांसाठी त्यांच्या नावाचं निवासस्थानही आहे. पण पाकिटावर तो पत्ता शंभरदा लिहिणाऱ्यांना माणूस माहीत असतोच असं नाही. नावाचं असंच होतं. म्हणून पहिल्याच वर्षी आईविषयी अर्धं पान लिहून ठेवा: ती काय करायची, आजार कसा कळला, कोणी मदत केली, काय कमी पडलं. ते दरवर्षी पत्रिकेच्या मागे छापा. "ममतेची मूर्ती" वगैरे नको. एका कुटुंबाने लिहिलं होतं, "रेडिएशनच्या तेहतीस दिवसांत तिला एसटीत बसायला जागा देणाऱ्या कंडक्टरचं नाव आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही." त्या पुरस्काराला वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही.

नाव घरच्या व्यक्तीचं नसून एखाद्या दिवंगत डॉक्टरांचं असेल, तर त्यांच्या कुटुंबाची लेखी संमती घ्या. तोंडी "हो हो, का नाही" पुढे महागात पडतं.

पैशाचा हिशेब

यासाठी नवा न्यास काढू नका. नोंदणी, दरवर्षीचं लेखापरीक्षण, बदल अर्ज, धर्मादाय आयुक्तांकडच्या फेऱ्या: पुरस्कार बाजूला राहतो आणि तुम्ही कारकून होता. आधीच नोंदणी असलेला, हिशेब स्वच्छ असलेला न्यास, ग्रंथालय किंवा महाविद्यालय शोधा आणि तिथे कायम निधी ठेवा. ही देणगी कायम निधीसाठी आहे, मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असं देणगीदाराचं स्वतंत्र पत्र द्या आणि पावतीवरही तसं लिहून घ्या. कराचं काय ते सनदी लेखापालाला विचारा. पुरस्काराची रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते का, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

साधं गणित: सहा लाख मुद्दल, साडेसहा टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ३९,००० रुपये. पुरस्कार १५,०००, वक्त्याचा प्रवास आणि मुक्काम ८,०००, सभागृह ५,०००, छपाई ४,०००, पडताळणीचा प्रवास ३,०००. झाले ३५,०००. उरलेले चार हजार मुद्दलात परत टाका, नाहीतर दहा वर्षांनी सभागृहाचं भाडं भागवताना पुरस्काराची रक्कम कापावी लागेल. बहुतेक पुरस्कार तिसऱ्या-चौथ्या वर्षी बंद पडतात ते या चार हजारांपायी. आणि जेवणावळीपायी. चहा-बिस्किटं पुरतात.

संस्थेशी कराराचा कागद करा. दोन कलमं विसरू नका. एक, योग्य व्यक्ती न मिळाल्यास त्या वर्षी पुरस्कार नाही आणि व्याज मुद्दलात. दोन, संस्था बंद पडली तर निधी कुठे जाईल.

आता नाजूक भाग. पैसा कोणाचा? आमच्याकडे एकदा एक गृहस्थ मोठ्या रकमेचा धनादेश घेऊन आले. तंबाखूचा पिढीजात व्यापार. मन चांगलं होतं, घरातच तोंडाचा कॅन्सर झाला होता. आम्ही नाही म्हटलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तंबाखूच्या जाहिरातीला, प्रायोजकत्वाला केंद्राचा कायदा २००३ पासून आडवा येतो. पण कायदा नसता तरी त्या बॅनरखाली जबड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला बसवायचं कसं? औषध कंपन्यांचंही जपून. डॉक्टरांच्या आचारसंहितेत २००९ च्या दुरुस्तीपासून कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च, पाहुणचार घेण्याला मनाई आहे. कंपनीच्या पैशातून डॉक्टरांना पुरस्कार दिला, तर अडचणीत येतील ते तेच.

समिती

पाच जण पुरे. कॅन्सरवर उपचार करणारे एक डॉक्टर, एक परिचारिका, स्वतः उपचार घेऊन बाहेर पडलेली एक व्यक्ती, कुटुंबातलं एक, आणि या क्षेत्राबाहेरचं, पण कागद नीट वाचणारं एक. आमच्याकडे ती जागा निवृत्त मुख्याध्यापकांची आहे. ते विशेषणांखाली लाल रेघा मारतात आणि समासात लिहितात, "म्हणजे किती?" ज्याच्या ओळखीचं किंवा नात्याचं नाव आलंय त्याने त्या नावाच्या चर्चेपुरतं खोलीबाहेर जायचं, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या. नंतर सांगणं जड जातं.

नामांकनाचा अर्ज

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. का, ते आमच्या फजितीवरून सांगते.

एका वर्षी आम्ही एका संस्थेला गौरवलं. अर्जात होतं: तीन वर्षांत ४२ शिबिरं, सहा हजार महिलांची तपासणी. सोबत फोटोंचा अल्बम, कात्रणं. एकमताने निवड. पुढच्या वर्षी एका गावात एक आशाताई भेटल्या. म्हणाल्या, "माझ्या जावेची तुमच्या त्या शिबिरात तपासणी झाली होती की. 'पुढील तपासणी करावी' अशी चिठ्ठी दिली. कुठे करायची, कोणाकडे, किती पैसे, कुणी सांगितलंच नाही. चिठ्ठी अजून देवघरात आहे." आम्ही संस्थेला विचारलं, संशयित निघालेल्या महिलांची यादी द्या. यादी नव्हती. सहा हजार नावांपैकी कोणाला दोष निघाला आणि ती बाई पुढे कुठे गेली, याची एक ओळ कुठे नव्हती. आणि मानपत्रात आम्ही छापलं होतं, "हजारो भगिनींना जीवनदान".

तेव्हापासून आमच्या अर्जात तिसरा प्रश्न असा आहे: "तपासणीत, भेटीत किंवा नोंदीत ज्यांना पुढच्या उपचाराची गरज दिसली, त्यांचं पुढे काय झालं? किती जण रुग्णालयात पोचले, किती जणांचे उपचार पूर्ण झाले, किती मध्येच सुटले आणि का?" पहिला प्रश्न कामाचं स्वरूप विचारतो, तेही एका दिवसाचं वर्णन करून: सकाळी किती वाजता निघता, कुठे जाता, हातात काय असतं. दुसरा, हे काम तुमच्या आधी कोण करत होतं आणि तुम्ही काय बदललं. चौथा, काय जमलं नाही. चौथ्याचं उत्तर कोरं सोडणारा अर्ज आम्ही शेवटी वाचतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं असावं याचा नमुना हवा असेल तर आसाममधल्या सिलचरच्या कछार कॅन्सर रुग्णालयाकडे बघा. चेन्नईहून २००७ मध्ये तिथे गेलेल्या डॉ. रवी कण्णन यांच्या लक्षात आलं की रुग्ण उपचार अर्धवट टाकून जातात. रोजंदारी बुडते, राहायला जागा नसते. रुग्णालयाने जेवण-मुक्कामाची सोय केली, सोबत आलेल्या नातेवाइकाला तात्पुरतं काम दिलं, घरी जाऊन सेवा देणारी पथकं काढली. उपचार पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलं. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री आणि २०२३ मध्ये मॅगसेसे मिळालं. किती शस्त्रक्रिया केल्या हा आकडाही देता आला असता. पण काय बदललं ते २८ आणि ७० या दोन आकड्यांत येतं.

परिचारिका किंवा कार्यकर्ते स्वतःचा अर्ज लिहीत नाहीत. लिहिला तरी "मी माझं कर्तव्य केलं" यावर संपवतात. म्हणून सुचवणाऱ्याने लिहायचं, आणि लिहिण्याआधी तासभर समोर बसून ऐकायचं. एका अर्जाचं पहिलं रूप होतं: "सौ. अमुक यांनी निःस्वार्थ वृत्तीने रुग्णांची अहोरात्र सेवा केली." मुख्याध्यापकांची लाल रेघ. दुसऱ्या खेपेला आलं: "मॉर्फिनच्या गोळ्या फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी मिळत. दर पंधरा दिवसांनी रुग्णाचा नातेवाईक दिवस मोडून येई. यांनी डॉक्टर आणि औषधशाळेशी बोलून, नियमात बसवून, महिन्याचा साठा एका खेपेत मिळेल असं केलं. वहीत ५८ कुटुंबांची नोंद आहे." ते वाक्य वाचल्यावर समितीत चर्चाच झाली नाही.

पडताळणी

वही बघायला जा. फोनवर भागवू नका. अर्जात दिलेल्या संदर्भांशी बोला, आणि अर्जात न दिलेल्या दोघांशीही: औषधाच्या दुकानदाराशी, रुग्णालयाच्या वॉर्डबॉयशी. खरी माहिती बहुतेक वेळा दारातल्या बाकड्यावर मिळते.

रुग्णांची नावं कागदावर आणायची नाहीत. कोणाशी बोलायचं असेल तर अर्जदारामार्फत आधी विचारा आणि नाही म्हणाले तर विषय संपला. गावात अजूनही अमक्याच्या घरी कॅन्सर आहे म्हटलं की मुलीच्या लग्नाची बोलणी थांबतात. आपल्या पडताळणीमुळे एखाद्या घरावर शिक्का बसला, तर त्या पुरस्काराला काय अर्थ उरला?

व्याख्यान

तारीख आधी. ४ फेब्रुवारी हा जागतिक कॅन्सर दिन आणि ७ नोव्हेंबर हा आपला राष्ट्रीय कॅन्सर जागृती दिन, मेरी क्युरींच्या जन्मदिवशी येणारा. या दोन्ही दिवशी चांगला वक्ता मिळणं अवघड. प्रत्येक रोटरी, प्रत्येक महाविद्यालय त्याच्या मागे असतं. आईचा जन्मदिवस किंवा स्मृतिदिन घ्या, आणि जवळचा रविवार. पुरस्कार परिचारिकेला असेल तर १२ मे, म्हणजे परिचारिका दिन, छान, पण मेमधल्या दुपारी नाही.

वक्त्याला सहा महिने आधी पत्र. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट: वेळ ४० मिनिटं, भाषा मराठी, श्रोते सामान्य. आणि एक विनंती, जी आम्ही दरवर्षी शब्दशः लिहितो: "ऐकून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय करू शकेल, हे आपल्या व्याख्यानात कुठेतरी यावं." तोंडातला पांढरा चट्टा किती आठवड्यांत दाखवायचा, बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही, मुलींना एचपीव्हीची लस कोणत्या वयात, वेदनाशमन म्हणजे शेवटचं इंजेक्शन नव्हे. असले विषय थोर वक्त्याला छोटे वाटतील असं समजू नका. उलट ते खुलतात.

वक्ता डॉक्टरच हवा असंही नाही. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझांनी वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू केलं, उपचार थांबलेल्या कॅन्सर रुग्णांसाठीचं देशातलं पहिलं शुश्रूषागृह; पुढे गोव्यात लोटलीलाही ते उभं राहिलं. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं रुग्णांजवळ बसलेल्या परिचारिकेने चाळीस मिनिटं बोलावं, सभागृहात खोकल्याचाही आवाज येत नाही. आम्ही हे एकदा केलंय. बाईंनी एकही स्लाइड दाखवली नाही.

वैद्यकीय परिषदांमध्ये स्मृतिव्याख्यानानंतर प्रश्न विचारायचे नाहीत असा शिरस्ता आहे. तो परिषदेत ठीक. आपल्याकडे १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून श्रोत्यांना व्याख्यान म्हणजे काय ते कळतं, आणि त्यांच्या खिशात चिठ्ठी तयार असते. वीस मिनिटं प्रश्नांना ठेवा. प्रश्न कागदावर, निनावी घ्या. स्तनाच्या गाठीबद्दलचा प्रश्न भरसभेत हात वर करून कोणी विचारत नाही. चिठ्ठीवर सात-आठ तरी येतात.

कार्यक्रमाचा दिवस

साडेपाच म्हणजे साडेपाच. दीपप्रज्वलन आणि स्वागत मिळून दहा मिनिटं. प्रास्ताविक पाच. मानपत्राचं वाचन आणि सत्कार दहा. सत्कारमूर्तीचं मनोगत दहा, आणि ते व्याख्यानाच्या आधी. शेवटी ठेवलं तर तोवर लोकांनी चपला शोधायला सुरुवात केलेली असते. वक्त्याचा परिचय दोन मिनिटं. पदव्यांची माळ पत्रिकेत छापा. मग व्याख्यान, प्रश्न, तीन मिनिटांत आभार. अध्यक्षीय समारोप आम्ही रद्द केला, त्यावरून एक वर्ष अबोला सहन केला.

आमदारसाहेब, नगराध्यक्ष, प्रायोजक यांना पहिल्या रांगेत बसवा, मंचावर नको. मंचावर तीन खुर्च्या: वक्ता, सत्कारमूर्ती, कुटुंबातली एक व्यक्ती.

उपचार चालू असलेले रुग्ण येणार असतील तर त्यांच्यासाठी दाराजवळच्या, पंख्याखालच्या खुर्च्या राखा, म्हणजे मध्येच उठून जाताना कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. केमोच्या दिवसांत गर्दीचा संसर्ग बाधतो. मास्क ठेवा, आग्रह करून बोलावू नका. त्यांना मंचावर बोलावून "यांनी कॅन्सरवर मात केली" अशी ओळख करून देण्याची हौस आवरा. ज्याचा आजार उलटला त्याने काय मग हार खाल्ली? "झुंज अपयशी ठरली" हे वाक्य सूत्रसंचालकाच्या कागदावर दिसलं तर खोडा. "कॅन्सरग्रस्त" पण खोडा. "कॅन्सरचे रुग्ण" एवढं पुरतं.

शाल-श्रीफळ द्या, आपली रीत आहे. पण सत्कारमूर्तीला आधी विचारा, तुम्हाला उपयोगी काय पडेल? एका परिचारिकेने उत्तर दिलं होतं, "स्कूटीला नवं टायर." पुरस्काराबरोबर आम्ही दोन्ही टायर बसवून दिली. शाल तिच्या कपाटात अकरावी होती.

मानपत्र

१२० शब्द. पहिल्या वाक्यात काम, दुसऱ्यात ठिकाण आणि वर्षं, तिसऱ्यात बदल, चौथ्यात एक प्रसंग. उदाहरणार्थ: "आपण गेली नऊ वर्षं तालुक्यातल्या ३१ गावांत कॅन्सर रुग्णांच्या घरी जाता. जखम धुता, औषधाची वेळ लिहून देता, आणि घरच्यांना रात्री झोपता यावं म्हणून अधूनमधून स्वतः जागता. आपण येण्याआधी या गावांतले रुग्ण वेदना असह्य झाल्यावर जीपने जिल्ह्याला जात. आता बहुतेकांना घरीच आराम पडतो." वाचताना आवंढा आला पाहिजे तो कामामुळे, "आपल्या चरणी विनम्र अभिवादन"मुळे नव्हे. शुद्धलेखन दोघांनी तपासा. सत्कारमूर्तीचं नाव तिच्या स्वतःच्या सहीप्रमाणे लिहा. लग्नाआधीचं की नंतरचं, हे तिला विचारून.

कार्यक्रमानंतर

व्याख्यान ध्वनिमुद्रित करून उतरवून घ्या, वक्त्याकडून तपासून सोळा पानांची पुस्तिका काढा आणि ती आशाताईंपर्यंत, ग्रामपंचायतींपर्यंत पोचवा.

मग पुढचं काम: तुमच्याकडे आता तपासलेले, आकड्यांसकट तयार कागद आहेत. ते कपाटात ठेवू नका, मोठ्या पुरस्कारांसाठी वापरा. परिचारिकांसाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाचा राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहे, नामांकन राज्याच्या आरोग्य विभागामार्फत जातं. पद्म पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक कोणाचंही नाव सुचवू शकतो, राष्ट्रीय पुरस्कारांच्या सरकारी संकेतस्थळावर, ऑनलाइन, फुकट. कार्याचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्द. मुदत वर्षागणिक बदलते, कधी १५ सप्टेंबर, कधी ३१ जुलै. म्हणून जूनमध्येच मसुदा तयार हवा. एक मेख लक्षात ठेवा: नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना पद्म मिळत नाही, अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. म्हणजे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांचं नाव चालतं, त्यांच्याच वॉर्डातल्या सिस्टरचं निवृत्तीपर्यंत चालत नाही. मला हे पटत नाही, पण अर्ज वाया जाऊ नये म्हणून सांगते. मरणोत्तर पद्म क्वचितच दिलं जातं. आणि मिळालंच तर नावाआधी-नंतर पदवीसारखं लावायचं नसतं. पत्रिका छापणाऱ्याला बजावून सांगा.

पहिल्या फटक्यात काही होत नाही. कोंबड्यांमधला एक कॅन्सर विषाणूमुळे होतो हे पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवलं, नोबेल १९६६ मध्ये मिळालं. अर्जाची प्रत जपा, दरवर्षी नवे आकडे घाला, परत पाठवा.

पुढच्या वर्षाची सुरुवात आम्ही गेल्या वर्षीच्या सत्कारमूर्तीला फोन करून करतो. तिला समितीत एका वर्षासाठी बोलावतो आणि विचारतो, तुम्ही कोणाचं काम बघून शिकलात? त्या स्कूटीवाल्या सिस्टरने नाव दिलं ते एका रुग्णवाहिकेच्या चालकाचं. रेडिएशन संपवून परतणाऱ्या रुग्णाला अर्ध्या वाटेत उलटी आली तर गाडी कुठल्या झाडाखाली थांबवायची, हे त्याला पाठ आहे. त्याचा अर्ज सध्या माझ्या टेबलावर आहे. तिसऱ्या प्रश्नाची जागा कोरी आहे. वही गाडीच्या कप्प्यात असते म्हणाला, ती बघायला शनिवारी जायचंय.